भर दुपारचा राखणदार

पेद्रूबाबला कोणी विचारलं की मुंबईत एवढी वर्षं काय केलंस, तर तो शांतपणे सांगतो, "आवाज." विचारणारा हसतो. पेद्रूबाब हसत नाही, कारण आपण खरं तेच सांगितलं असं त्याला वाटतं. आमच्या वाडीतली माणसं मुंबईत गिरणीत होती, गोदीत होती, कोणी पोलिसात, कोणी टपालात. आवाज करायचा पगार घेणारा हा एकटाच.

मी त्याची शेजारीण, विनीता. सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाले तरी अख्खी वाडी मला रस्त्यात थांबवून जीभ दाखवते. पेद्रूबाबच्या आणि माझ्या घरामध्ये एक चिऱ्यांचा गडगा आहे. तो इतका ढासळलाय की त्याच्या घरातलं भांडण मला बसल्या जागी ऐकू येतं, आणि मी ते ऐकते. उगाच खोटं कशाला बोलू?

तोंडवलीला जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राच्या अलीकडे आमची वाडी. पेद्रूचा बाप पास्कू इथेच रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ओढायचा. झिलाने, म्हणजे मुलाने, रापण ओढू नये, मोठ्या बोटीवर नोकरीला जावं, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणून त्याने पेद्रूला मुंबईला कुडीत पाठवलं. कूड म्हणजे गावच्या ख्रिस्ती लोकांनी तिकडे चालवलेली मोठी खोली. प्रत्येकाला एक ट्रंक, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, आणि बोटीवरचं बोलावणं येईपर्यंत वाट बघायची. पेद्रूच्या शेजारच्या ट्रंकेवर एक म्हातारा झोपायचा. तो एका हॉटेलात ड्रम वाजवायचा आणि दिवसा ट्रंक बडवून सराव करायचा. पेद्रूने आधी कानात बोटं घातली. मग बोटं काढली. मग स्वतःच्या ट्रंकेवर हात मारून बघितला, आणि थोड्याच दिवसांत कुडीतली एकही ट्रंक धड राहिली नाही.

बोटीवरचं बोलावणं आलं तेव्हा हा कुठल्याशा कॉलेजच्या कार्यक्रमात वाजवत होता. बोट गेली. पास्कूला हे कळलं तेव्हा त्याने कोणाला काही सांगितलं नाही. उलट, झिल बोटीवर आहे असंच तो वाडीत सांगत राहिला. पुढे पेद्रू मे महिन्यात गावी आला तो खांद्यावर रुळणारे केस घेऊन. लोक बघायला लागले. पास्कूने लगेच सांभाळून घेतलं, "बोटीर न्हावी खंय आसता?" लोकांना पटलं. आमच्या लोकांना पटवायला फार लागत नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

पेद्रूच्या बँडचं नाव 'ब्लॅक मॅकरेल'. बाकीची मुलं चांगल्या घरची होती. नावात ब्लॅक काहीतरी हवं, असं त्यांचं ठरलं होतं. पुढचा शब्द पेद्रूने सुचवला, कारण त्याला भूक लागली होती. काळा बांगडा! पण मुंबईत तो चालला. कॉलेजांत, मोकळ्या मैदानांत, पावसात ताडपत्री धरून मुलं ऐकायची. एकदा म्हणे वाजवताना मंचाची फळी मोडली, हा कमरेपर्यंत खाली गेला, पण गाणं संपेपर्यंत तिथूनच वाजवत राहिला. जाहिरातींवर त्याचं नाव 'पीटर थंडर' छापायचे. त्यातलं एक पोस्टर त्याने आईला आणून दिलं. आईने ते घरातल्या आल्तारशेजारी, म्हणजे देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. लांब केस, दाढी, वर बघणारे डोळे. येणारी-जाणारी माणसं कुठला तरी संत समजून त्यालाही हात जोडायची. तिने कोणाला अडवलं नाही.

मग जमाना बदलला. लोकांना नाचायला वेगळी गाणी लागली, आणि मग मशीन आलं. बटण दाबलं की ठोका. मॅकरेल विस्कटलं. एक जण ऑस्ट्रेलियाला गेला, एकाने बापाचा धंदा धरला. पेद्रूने हॉटेलात वाजवलं, लग्नात वाजवलं, स्टुडिओत वाजवलं, आणि शेवटी तो बोटीवर गेला. खराच. मोठ्या प्रवासी बोटीवर, ड्रम घेऊन. पास्कूचं खोटं असं बऱ्याच वर्षांनी खरं झालं, पण तोवर पास्कू गेला होता.

फेलिसिदाद त्याला भेटली ती मालवणातल्या एका लग्नात. खरं तर तिने त्याला आधी बघितलंच नाही. ती मागच्या पडवीत आडाळ्यावर बसून खोबरं खवत होती. पुढे मांडवात पेद्रू वाजवायला लागला. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपला हात आपल्या मनाने चालत नाहीये. पुढून येईल त्या ठोक्यावर नारळ फिरतोय, आणि ढीग वाढतोय. तिला राग आला. आपल्या हाताला नाचवणारा हा कोण, म्हणून ती खोबऱ्याच्या हातांनीच पुढे बघायला गेली. पुढचं सांगायला नको. त्यांचा मुलगा अ‍ॅलन आता मस्कतला आहे आणि दर रविवारी फोन करतो.

म्हातारपणी दोघं वाडीत येऊन राहिली. फेलिसिदाद शिवणक्लास घ्यायची, आणि पेद्रूबाबने पुढच्या खोलीत ड्रमचा अख्खा सेट मांडला. रविवारी चर्चमध्ये मिसाला जाऊन आला की तो बसायचा. मी गडग्यावरून ओरडायचे, "पेद्रूबाब, माजी म्हैस दूध चोरता रे!" तो ओरडायचा, "तिका सांग, टाळ्ये वाजय!" म्हैस खरंच दूध चोरायची. पण रविवारी तिची धार काढायला मी मुद्दाम त्याच वेळी बसायचे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग एका पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. मीच गाडीत बरोबर होते. गोव्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर आत, आम्ही दोघी बाहेर बाकावर. फेलिसिदादच्या हातात जपमाळ होती. ती तोंडातल्या तोंडात काही बोलत होती, आणि मग एकदम मोठ्याने म्हणाली, "सायबिणी माये, ह्येका माका परत दी. तेच्या हातात परत काठयो दिसूच्यो नाय. सबूत दितंय." सायबीण म्हणजे तिची देवमाता. सबूत म्हणजे वचन. मी साक्षीला होते.

पेद्रूबाब परत आला. फेलिसिदादने शब्द पाळला. ड्रमचा सेट सावंतवाडीच्या कुठल्याशा चर्चच्या गायनवाल्यांना दिला आणि त्या जागी शिवणयंत्र मांडलं. मी तिला सांगून बघितलं की डॉक्टरांनी वाजवायला बंदी केलेली नाही, बेताने वाजवलं तर काही होत नाही. ती म्हणाली, "डॉक्टराक मी सबूत दिलंय काय?"

तिचा नवरा आता वेळेवर जेवायचा, वेळेवर गोळ्या घ्यायचा. आणि बाकड्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. मी आधी विचारात पडले की हा असा का बसतो. मग कळलं. हात मोकळे राहिले की बोटं वाजायला लागायची, आणि फेलिसिदाद दारातून बघायची. तिलाही ते बघवत नव्हतं, पण करते काय? तिने शब्द दिला होता तो माणसाला नव्हे.

आता राखणदाराचं सांगते. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. तो दिसत नाही. हातात काठी, पायात वहाणा, काठीला घुंगरू. भर दुपारी, सगळे निजलेले असताना तो हद्दीवरून फेरी मारतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, भाकरी आणि बाटली द्यायची, ही त्याची राखण, बस. आमच्या वाडीच्या राखणदाराचा धोंडा माडांच्या बागेत आहे. धोंड्याच्या एका बाजूला पेद्रूबाबचा मांगर, म्हणजे नारळ आणि झावळ्या ठेवायची खोपी. दुसऱ्या बाजूला धोंडूआबाची जमीन.

धोंडूआबा वाडीचा मानकरी. गाऱ्हाणं तोच घालतो. देवाला काय सांगायचं, किती आणि कुठल्या क्रमाने, ते त्याला तोंडपाठ. तो एकेक मागणं मागतो आणि मागून सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ख्रिस्ती घरांतूनही माणसं येतात, नारळ देतात, मागे उभी राहतात. "व्हय म्हाराजा" मात्र ती म्हणत नाहीत. तेवढी एक ओळ दोन्ही बाजूंनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली आहे आणि त्यावरून कधी कोणाचं बिनसलं नाही.

या धोंडूआबाचा मुलगा दीपेश मुंबईची नोकरी सोडून बायकोला, अनुजाला घेऊन परत आला. धोंड्यापलीकडच्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधायला काढल्या. मला बरं वाटलं. आमच्या वाडीत परत येणारी माणसं ती बहुतेक गोळ्यांची पिशवी घेऊन येतात. हा थापी घेऊन आला होता.

भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि दुपारी त्यांच्या आडोशाला टेकणाऱ्यांना आवाज ऐकू यायला लागला. टक्. टक्. छुम्. पुन्हा टक्, टक्, छुम्. काठी आणि घुंगरू! गवंडी जेवून सावलीत पडले होते, ते उठले आणि थापी टाकून पळाले. वाडीत दुसरा विषय राहिला नाही. धोंडूआबा म्हणाला, राखण कमी पडली असेल. मोठा कोंबडा धोंड्यापाशी बांधून ठेवला, भाकरी दिली, बाटली दिली, शिवाय नव्या वहाणा. दुसऱ्या दिवशी बघतात तर बाटली रिकामी, भाकरी नाही, वहाणा नाहीत. लोकांना केवढा आनंद झाला! स्वीकारलं! आणि त्याच दुपारी परत टक्, टक्, छुम्. म्हणजे सगळं घेऊनही राग आहेच. म्हणजे त्याला इमारतच नको आहे. हा हिशेब इतका पक्का होता की मला हसू आवरेना, पण गवंड्यांना कोण सांगणार? कोंबडा तेवढा फेलिसिदादच्या अंगणात निघाला. कुठून आला कळेना, म्हणून तिने त्याला पाळला. चांगला धष्टपुष्ट होता.

पेद्रूबाब माझ्याकडे रक्तदाब तपासायला येतो. असाच आला, मी पट्टा बांधायला हात धरला, तर अंगठ्याजवळ घट्टा. कोवळा नव्हे, चांगला मुरलेला. मी दुसरा हात उलटा केला. तिथेही.

"ह्यो घट्टो कसलो?"

"कोयत्याचो. नारळ सोलतंय मा."

"कोयतो काय दोनूय हातांनी धरतंस?"

त्याने पाय आत ओढले. माझी नजर खाली गेली. पायात कोऱ्या चामड्याच्या वहाणा. मी पट्टा सोडला आणि म्हटलं, "चल, मांगर दाखय."

मांगरात झावळ्यांमागे एक छोटा ड्रम होता आणि पायाने वाजणारी झांजांची जोडी. सेट सावंतवाडीला गेला तेव्हा हे दोन नग त्याने मागे ठेवून घेतले होते. फेलिसिदाद जेवून आडवी झाली की हा "नारळ बगून येतंय" म्हणून इकडे येत होता. ड्रमवर जाड टॉवेल पसरलेला.

"टॉवेल कित्याक?"

"सायबिणीक ऐकाक येव नये म्हणान."

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. वर त्याने मला बसवून वाजवून दाखवलं. डोळे मिटून, अगदी हळू, आणि चेहरा असा की इस्पितळातून आल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता. मी वेड्यासारखी ऐकत बसले. मग भानावर येऊन विचारलं, "मेल्या, बाटली तू प्यालंस?"

"अर्दी. अर्दी धोंड्यार ओतलंय. शेजारी आसा तो."

"आनी वहाणे?"

"चप्पल तुटल्ली. पेडलार पाय घसरा." मग घाईने म्हणाला, "कोंबडो नाय खाल्लंय हां. सोडलंय."

मी त्याला चांगला झाडला. तुझ्यापायी त्या पोराचं काम अडलंय, म्हटलं. तो खरंच वरमला. वाडीच्या गप्पा त्याने हसण्यावारी नेल्या होत्या; त्यापायी दीपेशचं काम कायमचं अडेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणाला, "आजपासून बंद. पण विनीताबाय, फेलीक सांगू नको. तिचो माझ्यारचो विश्वास गेलो तर माजा काय रवला?" मी कबूल केलं. वाटलं, आवाज थांबेल, चार दिवसांनी गवंडी येतील, मिटलं.

पण आमची माणसं ती! आवाज थांबला आणि वाडीची झोप उडाली. भर दुपारी सगळे कान टवकारून बसायला लागले. काही नाही. राखणदार रुसला, राखणदार गेला, वाडी उघडी पडली. वाडीतल्या रुक्मिणीच्या विहिरीवरचा पंप जळला, तो राखणदार गेला म्हणून. कोणाची गाय चुकली, ती म्हणून. गाय संध्याकाळी परत आली, पण ते कोणी मोजलं नाही. काठी वाजत होती तोवर निदान तो होता तरी, असं गवंडीच म्हणायला लागले. आता तर ते बागेच्या दिशेला फिरकेनात.

एका सकाळी दीपेश माझी शिडी परत द्यायला आला. ती त्याने बांधकामासाठी नेली होती.

"इतक्यात कित्याक हाडलंस?"

"आता व्हयी कोणाक काकी? आमी जातो परत. अनुजा सामान बांधता."

"आनी बापूस?"

"बाबा काय बोलतले? उद्या दुपारी धोंड्याकडे शेवटचा गाऱ्हाणा घालतत. राखणदार परत नाय इलो तर भिंती पाडूच्यो, असा ठरला." त्याने शिडी भिंतीला लावली, आणि ती नीट लागली आहे की नाही हे उगाचच दोनदा बघितलं. मुलगा रडायच्या बेतात होता.

मी तशीच गडगा ओलांडून गेले. फेलिसिदाद आत मशीनवर होती. पेद्रूबाब बाकड्यावर, हात मांड्यांखाली. मी हळूच त्याला सगळं सांगितलं.

"धोंडूच्या कानात सांगून बगू?" तो म्हणाला.

"धोंडूच्या कानात सांगणा आनी एसटी स्टँडार सांगणा एकच. तू उद्या थय येवन सगळ्यांसमोर सांग. नायतर मी सांगतलंय."

"फेली आसतली थय."

"आसतली."

तो आतल्या मशीनच्या आवाजाकडे बघत बसला. मग एवढंच म्हणाला, "ती पाय मारता ता आयक. एक ठोको चुकना नाय." मला त्याची दया आली, पण मी तसं दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी वाडी धोंड्यापाशी. दीपेश बापाच्या मागे मान खाली घालून. फेलिसिदाद नारळ घेऊन आली आणि ख्रिस्ती बायकांबरोबर मागे उभी राहिली. पेद्रूबाबचा पत्ता नाही. मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या. धोंडूआबाने धोंड्यावर पाणी घातलं, नारळ हातात घेतला आणि आवाज लावला.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुजी लेकरां आज तुज्या पायाकडे जमली आसत. जा काय चुकला आसात, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"गेलो आसशीत तर परत ये. आसशीत थयसून आवाज दी!"

"व्हय म्हा..."

टक्. टक्. छुम्.

अर्धी माणसं जमिनीवर पडली. "इलो! परत इलो!" रुक्मिणी तर पंप दुरुस्त झाल्यासारखी रडायला लागली. आवाज वाढला. टॉवेल काढलेला होता, हे मला एकटीलाच कळलं. मग मांगराची झावळी बाजूला झाली आणि पेद्रूबाब बाहेर आला. गळ्यात टॉवेलने बांधलेला ड्रम, हातात काठ्या, पायात राखणदाराच्या वहाणा. चालता चालता वाजवत तो धोंड्यासमोर येऊन उभा राहिला.

आता लोकांना कळायला हवं होतं की नाही? कसलं कळतंय! सगळ्यांनी त्यालाच हात जोडले. धोंडूआबा पुढे झाला आणि अंगात आलेल्याला विचारतात तसं त्याने विचारलं, "बोल म्हाराजा! कोण तू? खंयसून इलंस?"

"अरे धोंडू, मी पेद्रू! पास्कूचो झिल!"

"झाड तेचा आसात, पण आत कोण आसा?" झाड म्हणजे ज्याच्या अंगात येतं त्याचं शरीर.

"आत बनियान आसा!" पेद्रूबाब ओरडला. "इतके दिवस मीच वाजयी होतंय. बाटली मी प्यालंय. ह्यो बग, वहाणे तुमचे!"

कोणी मान्य करेना. एवढा आजारी माणूस, शब्द दिलेली बायको घरात, तो कसा वाजवेल? राखणदारच त्याच्या तोंडून खोटं बोलून आपली परीक्षा बघतोय, असंही एक जण म्हणाला. मी पुढे होऊन सांगणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"तेच्या आंगात कोण नाय, धोंडूबाब."

फेलिसिदाद पुढे आली. चेहरा पांढराफटक. "ह्यो हात माका म्हायत आसा. आडाळ्यार बसल्लंय तेव्हापासून म्हायत आसा. ह्यो तेचोच."

तिचं म्हणणं मात्र सगळ्यांना पटलं. दीपेशने मान वर केली. एका दमात त्याच्या भिंती वाचल्या होत्या. पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"कधीपासून?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पावसाच्या आदीपासून."

"आनी सायबिणीक मी काय तोंड दाखवू?"

"वर टॉवेल घातल्लंय गो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. फेलिसिदाद हसली नाही. "टॉवेल! देवाच्या आवयचे कान टॉवेलान बंद जातत? मी तिच्याकडे तुका मागान घेतलंय पेद्रू. मागान! आनी तू लपान..." ती धोंड्याजवळच्या चिऱ्यावर मटकन बसली.

पेद्रूबाबने ड्रम गळ्यातून काढला आणि तिच्या पायाशी ठेवला. काठ्या वर ठेवल्या. "चुकलंय," तो म्हणाला. "व्हया तर जाळ. फेली, तू माका जिवंत हाडलंस, ता मी इसरणंय नाय. पण हात थयच रवले गो, इस्पितळात. ते कोणी घराक हाडूकच नाय."

फेलिसिदादने त्याच्या हातांकडे बघितलं. हात मोकळे होते, आणि काठ्या नसतानाही बोटं हलत होती. त्याला ते कळतही नव्हतं.

धोंडूआबा एवढा वेळ नारळ धरून तसाच उभा होता. गाऱ्हाणं अर्धं राहिलं होतं, आणि अर्धं गाऱ्हाणं टाकून घरी जाईल असा तो माणूस नव्हे. त्याने घसा साफ केला.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या पेद्रून तुजी बाटली प्याली, तुजे वहाणे झिजयल्यान. पण अर्दी तुका दिल्यान म्हणता. तेका माफ कर."

"व्हय म्हाराजा!"

"माज्या झिलान हातात घेतल्ला काम आमी खुळ्यांनी आडयला. ता मार्गाक लाव. गवंडी परत येवंदेत."

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज दीपेशचा.

धोंडूआबा थांबला. पुढचं त्याला तोंडपाठ नव्हतं. ते त्याच्या बापाने शिकवलेलं नव्हतं, कोणीच शिकवलेलं नव्हतं. तो धोंड्याकडे बघून, शब्द शोधत शोधत बोलायला लागला.

"आनी म्हाराजा, ह्या आमच्या फेलिसिदादीन तिच्या सायबिणीक सबूत दिल्यान. आमी तिच्या दारात बोलूक जावचो नाय, आमचो तो अधिकार नाय. पण तू आनी ती एकाच वाडीची राखण करतास. तू शेजारधर्मान तिच्या कानार घाल. बाईन घोव मागल्यान, तो तिका गावलो. पण अर्दोच गावलो. अर्दो ह्या मांगरात लपान बसलो. सबुताच्या बदल्यात काय व्हया ता तिने मागान घेवचा, मेणबत्ती म्हणा, उपास म्हणा. पण बायचो घोव बायक पुरो करून दी!"

आता "व्हय म्हाराजा" व्हायला हवं होतं. झालं नाही. एकही तोंड उघडलं नाही. या मागण्याला होकार देणं आपलं काम नव्हे, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सगळे फेलिसिदादकडे बघत होते. तिने डोळे पुसले. गळ्यातल्या क्रुसाला हात लावला, ओठ हलवले, बहुतेक आधी तिथे विचारलं असावं. मग ती चिऱ्यावरून उठली.

"व्हय म्हाराजा," फेलिसिदाद म्हणाली.

एकटीच. आमच्या वाडीत तिच्या लोकांनी ते कधी म्हटलं नव्हतं. धोंडूआबाच्या हातातला नारळ तेव्हा कुठे फुटला. फेलिसिदादने वाकून ड्रमवरच्या काठ्या उचलल्या, पदराने पुसल्या आणि नवऱ्याच्या हातात दिल्या.

"बगतंस काय?" ती म्हणाली. "वाजय. आनी टॉवेल हय दी, माका डोळे पुसूचे आसत."